नाकाखालचा थेंब

त्या घरात चालू स्थितीतला हीटर एकच होता आणि तो सैनिकांसाठी होता. माणसांसाठी रजया होत्या.

सैनिक म्हणजे प्लास्टिकचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. खोक्यातून यायचे तेव्हा हात वेगळे, पाय वेगळे, धडं वेगळी, मुंडकी वेगळी, अशी अख्खी पलटण एका चौकटीला लटकलेली असायची. ती सोडवायची, कानशीने घासायची, जोडायची आणि चार केसांच्या कुंचल्याने रंगवायची, हा त्या घरातल्या बाईच्या नवऱ्याचा उद्योग. त्यातही त्याला कुठलेही सैनिक चालत नसत. हिवाळी लढाईतलेच लागत. पोटऱ्यांपर्यंत येणारे ओव्हरकोट, कान झाकणाऱ्या केसाळ टोप्या, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाडजूड बूट, बर्फात दिसू नये म्हणून वरून चढवलेले पांढरे झगे. उन्हाळी गणवेशातल्या सैनिकांकडे तो ढुंकून बघत नसे. "त्यात काय कसब आहे," तो म्हणायचा. "अर्धी चड्डी कोणीही रंगवेल."

ती त्याला घरात 'अहो' म्हणायची आणि लाँड्रीत 'आमचे सरसेनापती'. लाँड्रीत ती हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून अंगातले कपडे पाठीला चिकटायचे, आणि संध्याकाळी घराचं दार उघडलं की गारठा असा अंगावर यायचा, जणू तोच घरमालक आहे आणि ती भाडेकरू. स्वयंपाकघरात बोलताना तोंडातून वाफ निघायची. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अगं, दार लाव आधी. गार वारा आत येतोय, रंग सुकत नाहीये."

नवरा चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासायचा. डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि काच फ्रेममध्ये बसेपर्यंत तिची कड घासत राहायचं. या कामाने त्याची नजर अशी तयार झाली होती की अर्ध्या मोहरीएवढ्या बटणावरचा ओरखडा त्याला दिसायचा. बायकोच्या हातावर इस्त्रीचा लांबलचक चटका उमटला होता, तो मात्र त्याला खपली पडून गेल्यावर दिसला. "हे कधी झालं?" त्याने विचारलं. "तुमच्या माघारीच्या वेळी," ती म्हणाली. कुठली माघार, हे त्याला कळेना.

माणूस वाईट नव्हता, एवढं ती मान्य करायची. वाईट असायलासुद्धा थोडं पाणी लागतं अंगात. याच्या अंगात ते नव्हतं. दुकानाचा मालक बोलायला लागला की याची मान स्प्रिंगवर बसवल्यासारखी हलायची. भाजीवाल्याने सडका कांदा दिला तर हा तो घरी आणून सडका भाग स्वतःच कापून काढायचा, परत न्यायचा नाही. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा. आणि असा हा माणूस संध्याकाळी खुर्चीत बसून, दोन स्वेटर आणि वर मफलर गुंडाळून, कुठल्या सेनापतीने कुठली नदी गोठायची वाट बघायला हवी होती हे सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले होते. हा टेबलावरून हाकायचा, तेही उशी घेऊन.

एका हिवाळ्यात मोरीतला नळ गोठला. ती सकाळी बादली लावायला गेली तर पाण्याचा पत्ता नाही आणि नळीला बारीक चीर पडायला लागलेली. तिने हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, आणि अत्यंत आस्थेने सांगायला लागला की त्या मोठ्या युद्धात रणगाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून खाली खड्डे खणून निखारे ठेवत, आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांची काय दशा झाली. तो सांगत होता तोवर तिने जुनी गोणपाटं आणली, नळीला गुंडाळली, दोरीने आवळली आणि वरून कोमट पाणी ओतलं. पाणी आलं. "बघ," तो म्हणाला, "तत्त्व तेच आहे." तिने बादली त्याच्या हातात दिली. ती उचलताना त्याची कंबर धरली, आणि पुढचे चार दिवस ती त्याला शेक देत बसली.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिची खोली रिकामी झाली. रिकामी म्हणजे सकाळी मुलगी गेली आणि संध्याकाळी ही लाँड्रीतून आली तोवर तिथे टेबल, दिवा, भिंग, रंगांच्या बाटल्या आणि भिंतीला फळ्या लागलेल्या होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाही बिळातला उंदीर थोडा लांब जाईपर्यंत थांबत असेल. मुलीची खाट उभी करून कपाटामागे ढकलली होती. पाठोपाठ हीटर त्या खोलीत गेला. ओलसर गारठ्यात रंग नीट बसत नाही, त्याला फोड येतात, असं कारण होतं. माणसांना येतात त्या फोडांबद्दल तो काही बोलला नाही.

स्वयंपाकघरातला खायचा सोडाही तिकडे जायला लागला. त्यात पांढरा गोंद कालवला की बर्फ होतो म्हणे. एकदा सोडा संपला तेव्हा तिने तो मागायला खोलीत डोकावलं तर तिचा पाव किलो सोडा एका लाकडी पाटीवर पसरलेला होता आणि त्यात एक सैनिक गुडघ्यापर्यंत रुतून उभा होता. चेहऱ्यावर दुःख. "तुझ्यापेक्षा मला जास्त वाईट वाटतंय," ती त्या सैनिकाला म्हणाली आणि दुकानात सोडा आणायला गेली.

मग सासूबाई आल्या.

त्या आजवर थोरल्या दिरांकडे असायच्या. दिरांनी नवं घर घेतलं, त्याला जिना, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना जिन्याचं वावडं. तेव्हा एक पेटी, एक काठी आणि खोकला घेऊन त्या धाकट्याकडे आल्या. सासू-सुनेचं कधी फारसं जमलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच सासूबाई म्हणाल्या होत्या, "सूनबाई, तुझ्या हाताला घाई फार," आणि सून ते विसरली नव्हती. पण या खेपेला त्या बाहेरच्या खोलीत दोन रजयांखाली, डोक्यावर शाल घेऊन, नुसतं नाक बाहेर काढून पडलेल्या दिसल्या, आणि रात्रंदिवस तो खोकला ऐकू यायला लागला, तेव्हा तिच्याने राहवेना.

"अहो, हीटर आईंच्या खोलीत ठेवू या," ती म्हणाली.

तो कोटाची घडी रंगवत होता. हात न थांबवता म्हणाला, "प्रदर्शनापर्यंत फक्त. मग ठेवू."

"आई खोकताहेत."

"रबरी पिशवी दे ना गरम पाण्याची. मी आणलीये नवी."

"पिशवी तुमच्या सैनिकांना द्या. ते तर कोट घालून बसलेत."

यावर तो हसला. त्याला वाटलं, ती विनोद करते आहे. प्रदर्शन छंद मंडळाचं होतं, दर वर्षी व्हायचं, आणि या वर्षी त्याचा देखावा तयार होत होता: विझत आलेल्या शेकोटीभोवती पाच सैनिक. इतकी वर्षं त्याला उत्तेजनार्थच्या वर काही मिळालं नव्हतं. या वर्षी मिळणार, असं तो दर वर्षी म्हणायचा.

हे सगळं बोलणं पातळ भिंतीपलीकडे सासूबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात गेला. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "ती कपाटामागची खाट काढ."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. तुझ्या हाताला घाई आहे ना, ती आज वापर."

दोघींनी मिळून खाट काढली, म्हणजे एकीने ओढली आणि दुसरीने काठीने दिशा दाखवली. हीटरसमोर खाट लागली, खाटेवर गादी, गादीवर सासूबाई. टेबलाला कोणी बोट लावलं नाही. फक्त त्याची खुर्ची आता खाट आणि टेबल यांच्या मध्ये अशी अडकली होती की बसणाऱ्याने पोट आत घेऊनच बसावं.

संध्याकाळी तो आला, खोलीच्या दारात थबकला. आई उशीला टेकून बसली होती, गालांवर चक्क रंग आला होता.

"आई, हे काय?"

"ऊब."

"पण माझं काम..."

"कर की. मी काय तुझे हात धरलेत?"

त्याने बायकोकडे बघितलं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि असा देखावा तिला कुठल्याही प्रदर्शनात बघायला मिळाला नसता. एवढ्या वेढ्यांचा आणि चढायांचा अभ्यास केलेला माणूस. त्याची स्वतःची राजधानी एका दुपारात पडली होती, तीही एका काठीवाल्या म्हातारीच्या हातून. त्याने पोट आत घेतलं आणि खुर्चीत जाऊन बसला.

आता तो रंगवायचा आणि आई बघायची. तिचे डोळे अधू होते, पण तिने त्याचं मोठं भिंग मागून घेतलं आणि त्यातून एकेका सैनिकाची हजेरी घ्यायला लागली.

"याला थंडी वाजतेय का?"

"हो आई. प्रचंड. उणे चाळीस."

"मग याचं नाक कोरडं कसं?"

सासूबाई सांगायला लागल्या. लढाईच्या हिवाळ्यात त्या लहान होत्या. कोळशाच्या रांगेत उभं राहायचं, पायांना वर्तमानपत्रं गुंडाळायची. रांगेतल्या सगळ्यांची नाकं वाहत. मोठमोठे सभ्य लोक, कोट-टोपीवाले, वरच्या ओठावर थेंब घेऊन उभे असत, आणि पुसायला हात बाहेर काढायची कोणाची छाती नव्हती. "शेंबूड गोठतो," त्या म्हणाल्या. "मिशीवाल्यांचा तर चांगला टिकतो."

सून भाजी निवडत ऐकत होती. नवऱ्याला त्या हिवाळ्याची प्रत्येक आघाडी तोंडपाठ होती, कुठे किती पारा उतरला हेसुद्धा. आपली आई त्याच हिवाळ्यात कागदाचे पाय करून उभी होती, हे त्याला आज कळत होतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. अर्थात दुसऱ्या दिवशी सांगताना सासूबाईंची रांग पहिल्यापेक्षा बरीच लांब झाली होती आणि तिसऱ्या दिवशी तिला बर्फाचं वादळ लागलं, हेही सुनेने पाहिलं. पण नाकाचं तेवढं तिन्ही दिवस तेच राहिलं.

चार दिवस त्याने काही केलं नाही. पाचव्या दिवशी त्याने चकचकीत वार्निशचा एक थेंब काडीच्या टोकावर घेतला आणि शेकोटीवर वाकलेल्या सैनिकाच्या नाकाखाली लावला. आईने भिंगातून पाहिलं. "आता वाजतेय त्याला," ती म्हणाली. मग पाचही जणांना नाकं आली. एकाच्या मिशीत त्याने सोड्याचे दोन कण अडकवले. आईने स्वतःच्या नाकाला पदर लावत मान डोलावली.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात होतं. "जाऊन ये याच्याबरोबर," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "मला येऊन सांग. हा नीट सांगणार नाही." म्हणून ती सुट्टी घेऊन गेली, आणि तिला आपल्या नवऱ्यासारखे आणखी तीसेक नवरे एका छताखाली बघायला मिळाले. सगळ्यांच्या खिशात भिंगं. सगळे एकमेकांच्या टेबलांवर वाकून "वा" म्हणत होते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर नाक मुरडत होते. एक जण विमानाच्या पंखाखालच्या खिळ्यांच्या ओळींवरून दुसऱ्याशी इतकं भांडत होता की तिला वाटलं, विमानात यालाच बसायचं आहे. बायका फारशा नव्हत्या. होत्या त्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून दाराकडे बघत होत्या.

मुख्य परीक्षकाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, अजूनही समोरच्याला बाकावर उभं करायच्या तयारीत असलेला. तो हात पाठीमागे बांधून टेबलाटेबलाशी थांबत होता. शेकोटीभोवतीच्या पाच जणांपाशी आला, भिंग काढलं, आणि बराच वेळ वाकून राहिला.

"कोट उत्तम," मास्तर म्हणाला. नवऱ्याची मान हलायला लागली. "बूट उत्तम. पण वार्निश सांडलंय. पाचही चेहऱ्यांवर. अहो, इतक्या वर्षांनी ही चूक?"

मान हलायची थांबली.

"ते सांडलेलं नाही, मास्तर. लावलंय."

"लावलंय म्हणजे?"

"नाक वाहतंय त्यांचं."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मास्तरही हसला. "सैनिक आहेत ते. शौर्य दिसलं पाहिजे. नाकापेक्षा मोती जड करून ठेवलेत तुम्ही."

तिला वाटलं, आता हा माफी मागेल. सवयीने तिने पर्ससुद्धा खांद्याला लावली. पण नवरा हलला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"थंडीत नाक वाहतं," तो म्हणाला. "तुमचंही वाहतं. सकाळी दारात स्वागताला उभे होतात तेव्हा वाहत होतं. मी बघितलं."

मास्तरने नकळत हात नाकाकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"मंडळाचा नियम आहे, चेहऱ्यावर चकाकी नको."

"मग नियम चुकीचा आहे. माझ्या आईने बघितलंय. तुम्ही पुस्तकात बघितलंय, मीही पुस्तकातच बघत होतो. ती रांगेत होती." त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "शूर माणसांनाही शेंबूड येतो, मास्तर. त्यांना तर जास्त येतो. ते बाहेर उभे असतात."

शेवटचं वाक्य बरं होतं, हे तिलाही कबूल करावं लागलं. क्षणभर तिला आपला नवरा ओळखूच येईना. वीस वर्षं ती म्हणत आली होती, एकदा तरी कशासाठी तरी उभे राहा. घरभाडं वाढलं तेव्हा नाही, मुलीला शाळेत विनाकारण शिक्षा झाली तेव्हा नाही, मालकाने पगार थकवला तेव्हा नाही. उभा राहिला तो कशासाठी, तर प्लास्टिकच्या शेंबडासाठी. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने समोरच्या टेबलावरचं विमान बघितल्यासारखं केलं.

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थही नाही. मास्तरने निकालपत्रकात त्याच्या नावापुढे 'नियमभंग' असं लिहिलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. तिने लाकडी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोघं बसने घरी आले. बसमध्ये कोणीतरी त्याच्या पायावर पाय दिला आणि तो नुसता त्या माणसाकडे बघत राहिला. माणसाने पाय काढला.

घरी सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. सुनेने सगळं सांगितलं, मास्तरांच्या हातासकट.

"म्हणजे हरला," सासूबाई म्हणाल्या.

"हरले," सून म्हणाली.

"एवढं भांडून?"

"एवढं भांडून."

"मग बरं झालं मी नाही आले," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. पण रात्री जेवताना त्यांनी आपल्या ताटातला अंड्याचा मोठा तुकडा उचलून मुलाच्या ताटात टाकला. त्यांनी आजवर असं फक्त थोरल्यासाठी केलेलं सुनेने पाहिलं होतं.

एवढ्यावर थांबला असता तर ती त्याला चांगलं म्हणाली असती. पण तो थांबणारा नव्हता. आता तो ही लढाई सांगायला लागला. शेजाऱ्याला सांगितली, केस कापणाऱ्याला सांगितली, फोनवर मुलीला सांगितली. पहिल्यांदा सांगताना समोर एक मास्तर होता. मग दोन परीक्षक झाले. महिन्याभरात अख्खं मंडळ त्याच्यावर तुटून पडलं होतं आणि तो एकटा, पाठ भिंतीला लावून, नाकासाठी झुंजत होता. खाण तशी माती, ती मनात म्हणायची. आईची रांग आणि लेकाची लढाई, दोन्ही एकाच हवेवर वाढत होत्या. आणि दोघंही एकाच खोलीत, एकाच हीटरसमोर, एकमेकांना दाद देत बसायची. चहा मात्र तिनेच न्यायचा.

त्या उत्साहात एक दिवस तो मालकाशीही बोलला. मालक त्याला कित्येक वर्षं रविवारीही कामाला बोलवत होता, गर्दी असो नसो. सरसेनापतींनी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं, "यापुढे रविवारी मी येणार नाही." मालक इतका चकित झाला की "बरं" म्हणून गेला.

हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. "जिंकलो," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. आता दर रविवारी दिवसभर घरी."

तिचे हात पिठातच थांबले. आठवड्यातला तो एक वार होता, लाँड्रीला सुट्टी आणि नवरा दुकानात. सकाळी तो बाहेर पडला की ती खोलीची खिडकी उघडून रंगाचा वास घालवायची, सासूबाईंचे केस विंचरायची, दोघी रेडिओ लावायच्या आणि कुठल्याही लढाईचं नाव न घेता जेवायच्या.

"वा," ती म्हणाली.

तो खूश होऊन आत गेला, आणि लगेच आतून त्याचा आवाज यायला लागला. मालकाने आधी नकार दिला होता, असं तो आईला सांगत होता. मालकाने नकार दिला नव्हता. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग भिंतीवर काठी आपटून सुनेला हाक मारली.

"सूनबाई, ऐकलंस का?"

"ऐकलं, आई."

"एक वार सुखाचा होता," सासूबाई म्हणाल्या. "तोही जिंकून आणला याने."